कोपरा कापलेली पत्रिका

आमच्या घरात सरस शिजायचा तेव्हा आई देवघराचं दार लावून घ्यायची आणि नाकाला पदर लावून अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसायची. सरस कशाचा करतात हे तिला नीट ठाऊक होतं, आणि मला ते ठाऊक आहे हेही तिला ठाऊक होतं. पण 'हाड' हा शब्द एकदा तोंडातून निघाला असता तर शेगडी, पातेलं आणि मी, तिन्ही घराबाहेर काढावी लागली असती. म्हणून ती नुसतं म्हणायची, "कुसुम, तुझा तो चिकटा झाला की सांग, अंगण सारवून घेते." आमचं घर म्हणजे जुन्या नाशकात तांबटांच्या शेजारी भाड्याच्या दोन खोल्या आणि मागचं अंगण. उजाडल्यापासून शेजारी तांब्याच्या पत्र्यावर ठोके पडायचे. ती ठणठण इतकी अंगवळणी पडली होती की सणासुदीला तांबट काम बंद ठेवायचे तेव्हा आम्ही दचकून एकमेकांकडे बघायचो. त्या ठोक्यांत माझा छापखाना चालायचा. माझ्या छापखान्याचा आवाज कुणाला ऐकू जात नव्हता, कारण त्याला आवाजच नव्हता.

छापखाना म्हणजे बिस्किटांच्या मोठ्या डब्याचं झाकण. त्यात शिजवलेला सरस आणि ग्लिसरीन ओतून रात्रभर ठेवलं की सकाळी घट्ट, थरथरणारी वडी तयार. जांभळ्या शाईनं गुळगुळीत कागदावर मजकूर लिहायचा, तो कागद वडीवर पालथा दाबायचा, थोड्या वेळानं सोलून काढायचा. अक्षरं वडीवर उलटी उतरतात. मग त्यावर एकेक कोरा कागद दाबायचा आणि उचलायचा. चाळीस प्रती निघायच्या. पहिल्या गर्द जांभळ्या, मधल्या बऱ्या, आणि शेवटच्या उजेडाकडे धरून वाचाव्या लागायच्या इतक्या फिक्या. बालविवाह, परदेशी कापड, विधवांचे हाल, देवळांची बंद दारं, असं काय काय मी त्या वडीवरून छापलं आणि शाळांच्या भिंतींवर चिकटवलं. मी सतरा वर्षांची होते आणि माझ्या प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह होतं. आज त्यातली दोन पत्रकं माझ्याजवळ उरली आहेत. वाचताना मला माझीच भीती वाटते. त्यात एकही माणूस नाही. सगळे 'बळी' नाहीतर 'जुलमी'.

त्या पत्रकांतली बळी आमच्याच घरात राहत होती, माझ्या वडिलांची, म्हणजे दादांची, धाकटी बहीण, द्वारकाआत्या. तेराव्या वर्षी लग्न, चौदाव्यात कपाळ पांढरं. दादांनी तिला सासरहून आणली, केस काढू दिले नाहीत, शिकवली. आता ती मुलींच्या शाळेत शिवण शिकवायची. पत्रकात मी तिला 'मूक गाय' असं लिहिलं होतं. ते वाचून ती म्हणाली, "कुसे, गाय काय? निदान शेळी तरी लिही, ती ओरडते." ती फार हसायची. पोळ्या लाटताना हसायची, सुईत दोरा ओवताना हसायची, आणि हातात बांगड्या नसल्यामुळे तिच्या हालचालीला कसलाच आवाज नसायचा. ती मागे येऊन उभी राहिली तरी कळायचं नाही.

ग्लिसरीन आणायला मी तिलाच पाठवायची. दवाखान्यातले कंपाउंडर भास्करराव ते द्यायचे. पस्तिशीचे, बायको जाऊन चार वर्षं झालेले. वर्षभर मी पत्रकं छापत होते आणि वर्षभर आत्या बाटली घेऊन जात होती. मध्येच मी म्हटलं, "अगं, अजून अर्धी बाटली आहे," तर ती म्हणाली, "असू दे, सांडली तर?" विधवांच्या पुनर्विवाहावर एवढं लिहिणाऱ्या मला हे कळलं नाही. आईला कळलं. जी आई सरसाला नाक मुरडायची, तीच एके दिवशी दादांना म्हणाली, "वन्संचं बघा काहीतरी. किती ग्लिसरीन आणायचं माणसानं!"

लग्न ठरलं. भटजी मिळेनात म्हणून दादांच्या शाळेतले एक मास्तरच मंगलाष्टकं म्हणणार होते. पत्रिका छापायला गावातला एक छापखानेवाला तयार झाला, पण म्हणाला, पत्रिकेवर माझ्या छापखान्याचं नाव नको. मी तिथेच त्याला सुनावलं की नाव घालायची लाज वाटते तर कामाचे पैसे घ्यायची नाही का वाटत, आणि दादांचा हात धरून बाहेर आले. घरी छापू! चाळीस तर पत्रिका!

पण आत्याला त्या चाळिसांतल्या एकाच पत्रिकेची काळजी होती. अप्पांच्या. अप्पा म्हणजे तिचे आणि दादांचे वडील. सिन्नरच्या पलीकडे खेड्यात राहायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, पण शहरात यायला तयार नव्हते. दादा त्यांना लग्नाचं सांगायला गेले तेव्हा ते बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले आणि शेवटी एवढंच म्हणाले, "पत्रिका येऊ दे. मग बघतो." दादांनी हे घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्या शेवया वळत होती. तिचे हात थांबले. "बघतो म्हणाले? नाही म्हणाले नाहीत?" असं तिनं तीनदा विचारलं. त्या दिवसापासून तिचं एकच होतं, अप्पा येतील का. मंगलाष्टकं कोण म्हणतं, जेवायला कोण येतं, याचं तिला काही नव्हतं. बाप मांडवात बसला पाहिजे.

मजकूर लिहायला मी बसले. आत्या शेजारी येऊन बसली. "वर श्री घाल."

"कशाला? देवानं काय केलं तुझ्यासाठी? हे सुधारणेचं लग्न आहे."

"सुधारणेचं असलं तरी लग्न आहे ना? सगळ्यांच्या पत्रिकेवर असतो."

"सगळ्यांसारखं करायचं असतं तर घरी कशाला छापली असती?"

ती हळूच म्हणाली, "बरं, श्री राहू दे. पण छापून झाल्या की मला दाखव. कोपऱ्यांना कुंकू लावते. निदान अप्पांच्या."

मी हो म्हटलं, आणि मनात ठरवलं, नाही दाखवायच्या. कुंकू हे गुलामगिरीचं चिन्ह आहे असं मी महिन्यापूर्वीच चाळीस प्रतींत छापलं होतं. माझ्या छापखान्यातून कुंकू लावलेली पत्रिका गेली तर माझी काय पत राहिली!

पत्रकाला पातळ कागद लागतो, तो वडीवरून पापुद्र्यासारखा सुटतो. पत्रिकांसाठी मी बुकबाइंडरकडून जाड कार्डं कापून आणली होती. ती वडीला धरून बसायची. उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यात नख घालून, ओढून सोडवावी लागायची, आणि प्रत्येक कार्डाचा तो कोपरा दुमडायचा, भेगाळायचा, वर माझ्या अंगठ्याचा जांभळा ठसा. चाळीस कार्डं, चाळीस घाणेरडे कोपरे. मला व्यवस्थितपणाचा फार अभिमान. मी आत्याची शिवणाची कात्री घेतली आणि प्रत्येक कार्डाचा तो एक कोपरा तिरपा, सफाईनं कापून टाकला. दिसायलाही बरं दिसत होतं. मागच्या बाजूला पत्ते घातले. गर्द प्रती नाशकातल्या मोठ्या लोकांना, बऱ्या नातेवाइकांना. शेवटची, नावाखेरीज धड काही न दिसणारी, उरली. ती मी अप्पांना घातली. तिकिटं चिकटवली आणि आत्या शाळेतून यायच्या आत सगळा गठ्ठा पेटीत टाकून आले.

"टाकल्यास? मला न दाखवता?" आत्या दारातच थांबली.

"तू कुंकू लावलं असतंस."

"अप्पांच्या तरी लावायचं होतं गं."

"अप्पांना दिसतंय कुठं!"

हे वाक्य मी बोलले. लिहिताना हात थांबतो, पण बोलले ते बोलले. आत्या आत गेली. त्या दिवशी ती हसली नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही अंगणात कुरडया वाळत घालत होतो. आत्या चाळणीत तांदूळ निवडत होती. दार धाडकन उघडलं आणि पंचवटीची ताईमावशी, आईची थोरली बहीण, आत आली. केसांतून पाणी निथळतंय, लुगडं अंगाला चिकटलेलं, आणि तोंडानं मोठ्यानं आक्रोश, "द्वारके, अगं काय हे केलंस! लग्न तीन दिवसांवर आलं आणि—" आणि समोर तांदूळ निवडणारी द्वारकाआत्या. मावशीनं अशी किंकाळी फोडली की शेजारचे ठोके थांबले. आत्याच्या हातून चाळणी पडली. मावशी मटकन खाली बसली आणि हात लांब करून म्हणाली, "माझ्याजवळ येऊ नको. आधी सांग, तू कोण?"

"मी द्वारका. अहो ताई, झालं तरी काय?"

"मग ते आंघोळीचं पत्र कुणी धाडलं?"

"कसलं पत्र?"

"जांभळ्या शाईचं! कोपरा गेलेला! वर श्री नाही, चार बोटं कुंकवाची नाहीत, आणि मधोमध नाव तुझं!"

मी म्हटलं, "मावशी, ती लग्नाची पत्रिका होती. वाचली नाहीस?"

मावशीनं माझ्याकडे असं बघितलं की मी आयुष्यात विसरणार नाही. "आंघोळीचं पत्र कुणी वाचत बसतं का, कार्टे? नाव बघायचं, दाराबाहेरच फाडायचं आणि डोक्यावरून पाणी घ्यायचं!"

आई हळूहळू माझ्याकडे वळली. "कुसुम, कोपरा कुणी कापला?"

आता हे मला कसं ठाऊक नव्हतं, असं आजच्या मुली विचारतील. ऐकून ठाऊक होतं. मरणाची बातमी देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात, एवढं माहीत होतं. पण आमच्या घरी असं पत्र आलं की दादा ते रस्त्यावरच वाचायचे आणि तिथेच फाडायचे. आम्हा पोरींच्या दृष्टीस एकही कधी पडलं नाही. आणि माझा कोपरा फाडलेला कुठे होता? तो कात्रीनं, नीटनेटका कापला होता! हे मी खरोखरच ओरडून सांगितलं.

त्या संध्याकाळपर्यंत आणखी पाच माणसं रडत येऊन, शिव्या देऊन परत गेली. ते चाललं असतं. सहावी आली ती चिठ्ठी. नात्यातल्या एका वकिलांनी गड्याहाती पाठवलेली. त्यांनी आमची पत्रिका पूर्ण वाचली होती. त्यांनी लिहिलं होतं, 'पत्रिकेचा कोपरा कापून आपण योग्य तोच संदेश दिलात. अशी मुलगी आम्हांसही मेल्यातच जमा. आम्ही सर्वांनी स्नान केले.' दादांनी ती मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि मध्येच थांबले. आत्यानं चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली, शेवटपर्यंत वाचली, घडी घातली. शिकलेला, कोट घालणारा माणूस! सबंध घर, लहान पोरांसकट, जिवंत बाईच्या नावानं आंघोळ करून जेवायला बसलं! मी म्हटलं, याच्यावर पत्रक काढते, उद्याच काढते. आत्या म्हणाली, "कुसे, पत्रक नंतर. अप्पांची पत्रिका कुठली गेली?"

मी सांगितलं. फिकी. नावच तेवढं दिसणारी.

अप्पांना दिसत नव्हतं. त्यांची पत्रं गावात येणारा पोस्टमनच वाचून दाखवायचा. आम्ही सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. आत्या देवघरासमोर जाऊन बसली, हात जोडून नव्हे, नुसती. दादा सकाळच्या पहिल्या मोटारीनं सिन्नरला निघाले.

आणि ते तिकडे गेले तेव्हा अप्पा इकडे निघालेले होते.

त्या दिवशी सकाळी कासार येऊन आत्याला चुडा भरून गेला होता. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता, तिला नको होता, पण आई म्हणाली, ठरलेलं आहे, भरून घ्या. चौदा वर्षं मोकळ्या राहिलेल्या मनगटांत हिरव्या बांगड्या. दहाच्या सुमाराला बाहेर ओट्यावर काठी टेकल्याचा आवाज आला. मी दार उघडलं. अप्पा ओट्याच्या कडेला बसले होते, धोतर ओलं, डोकं ओलं, थंडीनं हनुवटी थडथडत होती. बरोबर त्यांचा शेतातला गडी सखाराम.

"आत या," मी म्हटलं.

"आत नको. तुमचं सुतक आहे." ते माझ्या आवाजाच्या रोखानं बोलत होते. "किती वाजता गेली? त्रास झाला का तिला?"

सखाराम मला बाजूला घेऊन सांगू लागला, "पोस्टमननं कार्ड हातात दिलंच नाय. म्हनला, अप्पा, कोपरा गेलाय, द्वारकाबाईंचं नाव हाय. आन् व्हढ्यात टाकून दिलं. म्हातारं तवापासून बोलंना. आज उतरल्या उतरल्या म्हनलं, आधी रामकुंडावर ने. तिथं पाणी सोडलं पोरीच्या नावानं. लय रडलं, ताई."

आई डोक्यावरचा पदर पुढे ओढून दारात आली, "मामंजी" म्हणाली. तेवढ्यात आतून बांगड्या वाजल्या. आत्या धावत येत होती. ज्या बाईची चाहूल कधी कुणाला लागली नाही, तिचा हा एवढा खळखळाट.

अप्पांनी मान वळवली. "ही कोण आली?"

"अप्पा, मी."

तांबटांचे ठोके चालू होते. ते थांबले नाहीत, पण मला त्या क्षणी काही ऐकू आलं नाही. अप्पांच्या हातातली काठी ओट्यावरून गडगडत खाली गेली. त्यांनी हात पुढे केला. आत्यानं आपला हात त्यात दिला. त्यांनी तो मनगटापाशी धरला, मग बांगड्या चाचपल्या, एकेक, पुढून मागे. मग हात वर नेऊन तिचं तोंड चाचपलं.

"मी आत्ता तुझ्या नावानं पाणी सोडून आलो गं," ते म्हणाले. "माझ्या हातानं."

"सोडलंत ना? मग झालं," आत्या म्हणाली. ती रडत होती आणि आवाज मात्र पोळ्या लाटतानाचा. "जिच्या नावानं सोडलंत ती गेली. चौदा वर्षं तिचं सुतक धरलं आपण. आता पुरे."

इथे कुणीही शहाणं माणूस गप्प बसलं असतं. मी बसले नाही. माझ्या डोक्यात वकिलाची चिठ्ठी घुमत होती, आणि लग्न म्हटल्यावर भिंतीकडे वळलेलं हे तोंड. मी म्हणाले, "लग्नाला 'बघतो' म्हणालात, अप्पा, आणि मेली म्हटल्यावर पहिल्या मोटारीनं आलात! जिवंतपणी यायला काय झालं होतं?"

आईनं माझा दंड धरला. अप्पा माझ्याकडे वळले. ते पांढरे डोळे.

"मेल्याला बोलावणं लागतं का, पोरी? उठायचं आणि निघायचं. लग्नाला पत्रिका यावी लागते. मी रोज पोस्टमनला विचारत होतो. मला दिसत नाही हे खरं. पण कुंकू बोटाला लागतं. कोपऱ्यावर सुकलं की खरखरीत लागतं. तेवढं हाताला लागलं असतं की मी निघणार होतो. सखारामाला गाडीचं सांगून ठेवलं होतं."

मी सखारामाकडे पाहिलं. त्यानं मान हलवली.

मी शरमणारी माणूस नाही. अजूनही नाही. पण त्या ओट्यावर मी जी उभी राहिले तशी नंतर कुठल्याही सभेत, कुठल्याही कोठडीत उभी राहिले नाही. ज्याला दिसत नाही त्याला काय करायची गर्द प्रत, काय करायचं कुंकू, असं मी म्हटलं होतं. चाळिसांत एकच माणूस असा होता की ज्याला शाईचा काही उपयोग नव्हता आणि कुंकवाचाच होता, आणि तेवढं एक कार्ड मी तत्त्वासाठी कोरं ठेवलं.

मग अप्पा म्हणाले, "सूनबाई, घरात कोरडं धोतर आहे का? आणि चहा टाका. लग्न परवा ना? मग आता परत कशाला जायचं."

त्या दुपारी मी पुन्हा सरस शिजवला. आईनं देवघराचं दार लावलं नाही. वडी घट्ट होईपर्यंत मी रात्रभर शेजारी बसून राहिले. मग मजकूर लिहिला, वर श्री घातला, आणि एकच प्रत काढली, पहिली, गर्द. कोपरा दुमडला तो तसाच ठेवला, दाबून सरळ केला. आत्यानं करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवून चारही कोपऱ्यांना लावलं. जांभळ्या ठशावरही लावलं. अप्पांनी वाळायची वाट पाहिली, मग अंगठा फिरवला. एक, दोन, तीन, चार. "आली," ते म्हणाले. लग्न लागेपर्यंत ते कार्ड त्यांच्या हातात होतं.

अजूनही मी कुंकू लावत नाही, आणि ते कुणी कुणावर लादलं तर भांडायला तयार असते. वकिलावर पत्रक काढलं, तेही सांगून ठेवते, चाळीस प्रती. पण त्याआधी तो मजकूर मी आत्याला दाखवला.

अप्पा गेल्यावर त्यांच्या पोथीत ते कार्ड सापडलं. माझी जांभळी शाई उन्हानं, हवेनं उडून जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. श्री उडाला होता, नावं उडाली होती, मुहूर्त उडाला होता. मी उजेडाकडे धरून पाहिलं, तिरकं धरून पाहिलं, माझी एक ओळही उरली नव्हती. कार्ड अगदी कोरं होतं. चारही कोपऱ्यांवर मात्र आत्याचं बोट होतं.